झेब्राफिशमधलं एक जनुक बंद करताना: गाइड निवडण्यापासून एफ२ पिढीपर्यंत

झेब्राफिशच्या अंड्यात क्रिस्परचं (डीएनए ठरलेल्या जागी कापण्याच्या तंत्राचं) इंजेक्शन मारायला नव्या माणसाला दोन-तीन आठवड्यांत शिकवता येतं. हात स्थिर असेल तर त्याहूनही लवकर. तरी प्रयोग फसतात, आणि बहुतेक वेळा ते सूक्ष्मदर्शकाखाली फसत नाहीत. काही आदल्या महिन्यातच, गाइड (कुठे कापायचं ते सांगणारा आरएनए) निवडताना फसलेले असतात. बाकीचे पुढच्या सहा महिन्यांत, कुठल्या टाकीतल्या कुठल्या माशात नेमका कोणता बदल आहे याचा हिशेब सुटल्यामुळे. म्हणून या लेखात इंजेक्शन आहेच, पण त्याच्या आगेमागे जे करावं लागतं त्याला जास्त जागा दिली आहे.

उदाहरणासाठी टायरोसिनेजचं जनुक घेऊ. मेलॅनिन तयार होण्याची सुरुवात याच एन्झाइमने होते. माणसात हे जनुक बिघडलं की वर्णहीनतेचा एक प्रकार होतो, माशात बिघडलं की डोळे आणि अंग काळं पडत नाही. झेब्राफिशचं भ्रूण पारदर्शक असतं, २४ तासांच्या सुमारास डोळ्यात रंग भरू लागतो आणि ४८ तासांना डोळा काळाभोर दिसतो. म्हणजे इंजेक्शन लागू पडलं की नाही हे पीसीआरशिवाय (डीएनएचा ठरावीक तुकडा वाढवून तपासल्याशिवाय), तिसऱ्या दिवशी सकाळी नुसत्या नजरेने कळतं. तुमचं खरं जनुक हृदयाचं असो वा मेंदूचं, पहिले दोन आठवडे टायरोसिनेजवरच हात बसवा. नंतरही प्रत्येक खेपेला वीस-तीस अंड्यांत तेच मारत राहा. ज्या दिवशी तुमचं जनुक हलत नाही आणि टायरोसिनेजची पिल्लं मात्र पांढरी निघतात, त्या दिवशी दोष गाइडचा, तुमच्या हाताचा नाही, हे लगेच समजतं.

एक इशारा अनुभवातून. एकदा आमची सगळीच्या सगळी पिल्लं पांढरी निघाली, शंभर टक्के. आम्ही चहा मागवला. मग कुणीतरी इंजेक्शन न दिलेल्या भावंडांची बशी उघडली, तर तीही पांढरी. फिनाइलथायोयुरिया घातलेल्या पाण्यात आम्ही सगळी अंडी ठेवली होती. चित्रण करताना रंग आड येऊ नये म्हणून प्रयोगशाळेत हे रसायन वापरतात, आणि ते टायरोसिनेजलाच अडवतं. तेव्हापासून कंट्रोलची बशी आधी बघायची, मग इंजेक्शनची.

मासे आणि परवानग्या

हा मासा आपल्याच भागातला. भारत, नेपाळ, बांगलादेशातल्या ओढ्यांत, भातखाचरांत तो सापडतो. १८२२ साली फ्रान्सिस हॅमिल्टनने गंगेच्या खोऱ्यातल्या माशांचं वर्णन करताना त्याची नोंद केली. प्रयोगशाळेत त्याला मान मिळाला तो अमेरिकेतल्या ऑरेगन विद्यापीठात, जॉर्ज स्ट्रायसिंगरच्या १९८१ च्या कामामुळे. त्या कामात फिकट रंगाचे ‘गोल्डन’ मासे वापरले होते. ते जनुक कोणतं हे २००५ मध्ये कळलं: एसएलसी२४ए५. माणसाच्या त्वचेचा रंग ठरवण्यातही त्याच जनुकाचा मोठा वाटा निघाला आणि पुढे हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी भारतीय लोकांमधला त्याचा फरक तपासला. ओढ्यातल्या माशाच्या रंगावरून आपल्या रंगापर्यंत असा हा धागा जातो. रंगाचं जनुक सरावाला घेण्यामागे माझा थोडा लोभ हाही आहे.

मासा इथलाच असल्याने एक जबाबदारी वाढते. बदललेला मासा किंवा अंडं नाल्यात गेलं तर तिकडे त्याचे सगेसोयरे असू शकतात. निचऱ्याला बारीक जाळी लावा, बशीतलं पाणी ब्लीच करूनच ओता. काम सुरू करण्याआधी संस्थेच्या प्राणी नीतिशास्त्र समितीची आणि जैवसुरक्षा समितीची मंजुरी हातात हवी. अर्जात माशांची संख्या, भूल कोणती, मासे शेवटी कसे मारणार हे सगळं लिहावं लागतं. ‘आधी करून बघू, मग अर्ज करू’ हे चालत नाही. समितीची बैठक महिन्यांनी होते, तो वेळ वेळापत्रकात आधीच धरा.

मासे शक्यतो एबी किंवा ट्युबिंगेनसारख्या माहीत असलेल्या वाणाचे घ्या. आपल्याकडे बरेचजण मत्स्यालयाच्या दुकानातून मासे आणतात. त्याने काम अडत नाही, पण दोन दुकानांतल्या माशांचा डीएनए अक्षरशः वेगळा असतो, आणि त्याचा फटका गाइडला बसतो. तो कसा ते पुढे येतंच.

गाइड: घाई इथे करू नका

कॅस९ ही कात्री, गाइड आरएनए हा तिला दिलेला पत्ता. पत्त्यात डीएनएची २० अक्षरं असतात आणि त्यांना लागूनच डीएनएवर एन-जी-जी अशी तीन अक्षरं असावी लागतात. याला पॅम म्हणतात. एन म्हणजे कोणतंही अक्षर, पुढचे दोन जी मात्र हवेतच. पॅमच्या अलीकडे तीन अक्षरं सोडून कात्री दोन्ही धागे कापते. पेशी ती चीर घाईघाईने सांधते, सांधताना दोन-चार अक्षरं गळतात किंवा जास्तीची घुसतात. पेशी अक्षरं तीन-तीनच्या गटाने वाचते, म्हणून ही संख्या तीनच्या पटीत नसली की पुढचं सगळं वाचन घसरतं आणि प्रथिन अर्धवट राहतं. आपल्याला हेच हवं असतं.

एन्सेम्बल किंवा झेडफिन या जनुकांच्या माहितीसाठ्यांवरून जनुकाचा क्रम काढा. आधी बघा, जनुकाच्या प्रती किती? फार पूर्वी हाडांच्या माशांच्या पूर्वजांत सगळा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, दुप्पट झाला, त्यामुळे माणसातल्या एका जनुकाच्या माशात अनेकदा ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन प्रती असतात. एकच बंद केली तर दुसरी काम सांभाळून घेते आणि तुम्ही ‘काहीच परिणाम नाही’ असं लिहून मोकळे होता. टायरोसिनेजला हा त्रास नाही.

मग जागा. सुरुवातीच्या कोडिंग एक्झॉनमध्ये (जनुकाचा प्रथिनाचा मजकूर असलेला तुकडा), पण पहिल्या एटीजीला (प्रथिनाचं वाचन जिथून सुरू होतं ती तीन अक्षरं) चिकटून नको. जवळच दुसरा एटीजी असेल तर पेशी तिथून वाचन सुरू करून जवळजवळ पूर्ण प्रथिन बनवू शकते. ज्या एक्झॉनची लांबी तीनच्या पटीत आहे तोही टाळा, कारण पेशीने तो अख्खा वगळला तरी पुढचं वाचन बिघडत नाही. माझी पसंती प्रथिनाच्या कामाच्या भागाला, म्हणजे मासा, उंदीर आणि माणूस या तिघांत जो भाग सारखा आहे त्याला.

चॉपचॉप, क्रिस्पॉर किंवा क्रिस्परस्कॅन यांपैकी एका साधनात क्रम टाकलात की गुणांसह यादी मिळते. गुणांवर आंधळा विश्वास नको. सगळ्यात वरचा गाइड चालत नाही आणि पाचवा मस्त चालतो, असं सर्रास होतं. म्हणून एका जनुकाला तीन गाइड मागवा. जीनोममध्ये दुसरीकडे एक-दोन अक्षरांच्या फरकाने जुळणारे गाइड सुरुवातीलाच बाद करा.

आणि आता ती पायरी, जी जवळपास सगळेजण टाळतात. संगणकावरचा संदर्भ जीनोम हा तुमच्या टाकीतला मासा नव्हे. गाइडच्या दोन्ही बाजूंना प्राइमर (पीसीआर कुठून सुरू करायचा ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) टाका, आपल्याच सहा-आठ माशांच्या शेपटीच्या तुकड्यांवरून पीसीआर लावा आणि तुकडा सिक्वेन्सिंगला (अक्षरांचा क्रम वाचायला) पाठवा. पॅममधला एक जी तुमच्या माशांत ए झालेला असला तर तिथे कात्री चालणारच नाही, इंजेक्शन कितीही सुबक असो. दुकानातल्या माशांत हे वारंवार दिसतं. याला आठवडा जातो, पण दोन महिने वाचतात. तेच प्राइमर पुढे जीनोटायपिंगला (कोणत्या माशात कोणता बदल ते ओळखायला) कामी येतात. तुकडा २५० ते ३०० अक्षरांचा ठेवा आणि कापण्याची जागा बरोबर मधोमध येऊ देऊ नका, नाहीतर पुढे एन्झाइमने तोडून जेल (तुकडे लांबीनुसार वेगळे करणारी जेली) लावलं की दोन्ही तुकडे एकाच रेषेत बसतात.

मिश्रण

पूर्वी कॅस९ चा संदेशवाहक आरएनए टोचायचे. २०१३ मध्ये झेब्राफिशवर क्रिस्पर पहिल्यांदा चाललं तेव्हाही तसंच होतं. आता तयार कॅस९ प्रथिन मिळतं, तेच घ्या. आरएनएपासून प्रथिन बनेपर्यंत पेशी दोनाच्या चार आणि चाराच्या आठ होतात आणि प्रत्येकीत वेगळा बदल होतो. तयार प्रथिन लगेच कामाला लागतं. गाइडही रासायनिक पद्धतीने बनवलेला मागवा. घरी टी७ पॉलिमरेजने बनवणं स्वस्त पडतं खरं, पण नवशिक्याने एका वेळी एकाच गोष्टीची काळजी करावी.

कॅस९ आणि गाइड, दोन्ही साठे २० मायक्रोमोलर असतील तर ५ मायक्रोलिटर मिश्रण असं होतं: कॅस९ १ मायक्रोलिटर, गाइड १ मायक्रोलिटर, २ मोलर पोटॅशियम क्लोराइड ०.७५, अर्धा टक्का फिनॉल रेड (थेंब दिसावा म्हणून रंग) ०.५ आणि न्यूक्लिएजमुक्त पाणी १.७५. तिन्ही गाइड एकत्र मारायचे असतील तर आधी ते समप्रमाणात मिसळून त्यातलं १ मायक्रोलिटर घ्या. पोटॅशियम क्लोराइडकडे काणाडोळा करू नका. शेवटी ते ३०० मिलिमोलर येतं. मीठ कमी पडलं की कॅस९ आणि गाइडची जोडी विरघळलेली राहत नाही, गोळा होते आणि सुई तुंबते. मिश्रण ३७ अंशांवर ५ ते १० मिनिटं ठेवा, थोडं सेंट्रिफ्यूज करा आणि वरचाच द्रव उचला. यातल्या १ नॅनोलिटरमध्ये सुमारे ६४० पिकोग्रॅम कॅस९ जातं. सुरुवातीला एवढं ठीक.

सकाळची वेळ

झेब्राफिश १४ तास उजेड आणि १० तास अंधार या चक्रावर ठेवतात आणि दिवे लागले की तो अंडी घालतो. आदल्या संध्याकाळी क्रॉस लावा: प्रजननाच्या टाकीत नर आणि मादी, मध्ये पारदर्शक पट्टी. सकाळी पट्टी काढली की दहा-पंधरा मिनिटांत अंडी जाळीखाली पडतात. मोहरीएवढी, पण दिसायला भिजवलेल्या साबुदाण्यासारखी. सगळ्या टाक्यांच्या पट्ट्या एकदम काढू नका, वीस मिनिटांच्या अंतराने काढा. २८.५ अंशांवर फलनानंतर साधारण ४५ मिनिटांनी पहिलं विभाजन होतं, पुढची दर पंधरा मिनिटांनी. म्हणजे एका क्लचला (एका वेळी पडलेल्या अंड्यांना) तुम्हाला जेमतेम अर्धा तास मिळतो. पुण्या-मुंबईत एप्रिल-मेमध्ये खोली तापलेली असली तर तेवढाही नाही.

सुई आदल्या दिवशीच खेचून ठेवा, एक मिलिमीटर व्यासाच्या, आतून तंतू असलेल्या बोरोसिलिकेट नळीची. मागून २ मायक्रोलिटर भरा आणि चिमट्याने टोक किंचित तिरकं फोडा. किती फोडायचं हे लिहून सांगता येत नाही. अंड्याच्या आवरणातून टोक न वाकता आत शिरलं पाहिजे, पण बाहेर आल्यावर पीतक सांडता कामा नये. मग मिनरल ऑइलच्या थेंबात एक फवारा सोडून सूक्ष्मदर्शकाखालच्या मोजपट्टीवर मोजा. गोळ्याचा व्यास ०.१२५ मिलिमीटर आला की तो १ नॅनोलिटर. व्यास पाव हिस्साच वाढला तरी आकारमान दुप्पट होतं, तेव्हा ‘थोडंच मोठं आहे’ म्हणून सोडू नका. सुई बदलली की पुन्हा मोजायचं. तीच सुई मध्येच जास्त फुटली असं वाटलं, तरीही.

अंडी चहाच्या गाळणीत घेऊन ई३ या भ्रूणांसाठीच्या क्षारयुक्त पाण्याने धुवा आणि आगारोजच्या साच्यातल्या खाचांत ओळीने बसवा. साचा नसेल तर पेट्री डिशमध्ये काचपट्टी ठेवा आणि तिच्या कडेला अंडी लावा, तेवढ्यानेही भागतं. आता बघा. पिवळसर पीतकाच्या मोठ्या गोळ्यावर एका बाजूला स्वच्छ टेकाड उठलेलं दिसेल, तीच पेशी. सुईचं टोक थेट त्या टेकाडात घाला. पीतकात सोडलं तरी काही प्रमाणात वर चढतं, पण प्रथिनासाठी पेशीतच सोडलेलं बरं. फवारा सोडताच गुलाबी ठिपका उमटतो, क्षणभर कडा धरून राहतो आणि विरघळत जातो. ठिपका टेकाडाच्या दहाव्या भागाएवढा हवा. सुई बाहेर येताना त्याची शेपटी बाहेर ओढली गेली तर ते अंडं मोजू नका. पहिल्या दिवशी चाळीस अंडी झाली तरी पुरे. सराव झाल्यावर अर्ध्या तासात शंभर होतात.

प्रत्येक क्लचमधली तीस अंडी इंजेक्शनशिवाय वेगळी ठेवा, आणि तीसमध्ये फक्त कॅस९ मारा. एका बशीत पन्नास-साठपेक्षा जास्त नकोत. २८.५ अंशांवर इन्क्युबेटरमध्ये, पाण्यात बुरशीसाठी मिथिलीन ब्लूचे थेंब. पाच-सहा तासांनी फलन न झालेली आणि मेलेली अंडी काढा, नाहीतर संध्याकाळपर्यंत ती बाकीच्यांनाही नासवतात. दुसऱ्या दिवशी तिन्ही बश्यांतली जिवंत पिल्लं मोजा. इंजेक्शनच्या बशीतच मरतूक जास्त असेल तर मात्रा जास्त झाली असेल किंवा ते जनुक जगायलाच लागत असेल. मात्रा निम्मी करून पुन्हा बघा. तिन्ही बश्यांत मरतूक असेल तर ती अंडीच खराब होती, त्या दिवसाचे आकडे वहीत लिहा आणि सोडून द्या.

कापलं गेलं का?

टायरोसिनेज असेल तर डोळे सांगतील. बहुतेक पिल्लांत डोळा अर्धा पांढरा, अर्धा काळा, ठिपक्याठिपक्यांचा दिसतो. एका माशात अनेक प्रकारच्या पेशी, म्हणजे मोझॅक. बाकी जनुकांसाठी ४८ तासांची आठ पिल्लं घ्या, प्रत्येक वेगळ्या नळीत. ५० मायक्रोलिटर ५० मिलिमोलर सोडियम हायड्रॉक्साइड, ९५ अंशांवर २० मिनिटं, थंड झाल्यावर ५ मायक्रोलिटर १ मोलर ट्रिस, पीएच ८. डीएनए तयार. महागडं किट लागत नाही.

पीसीआर लावा. मग तुकडे ९५ अंशांना उकळून सावकाश थंड करा, म्हणजे मूळ आणि बदललेले धागे एकमेकांशी जुळून वाकड्या जोड्या बनतात. १० टक्के पॉलिअ‍ॅक्रिलामाइड जेलवर या वाकड्या जोड्या मागे रेंगाळतात: कंट्रोलच्या ओळीत एकच स्वच्छ पट्टी, इंजेक्शनच्या ओळीत तिच्यावर झिरमिळ्या. स्वस्तातली ही पद्धत मला एन्झाइमने तुकडे तोडायच्या चाचणीपेक्षा जास्त भरवशाची वाटते. टक्केवारी हवी असेल तर दोन-तीन नमुने सिक्वेन्सिंगला द्या. कापण्याच्या जागेपासून पुढे आलेख एकावर एक चढून गढूळ होतो, आणि तो सोडवून कुठला बदल किती हे सांगणारी साधनं आहेत. आठपैकी दोनच नमुने गढूळ असतील तर पिल्लं वाढवायचा खटाटोप करू नका, गाइड बदला.

सहा महिन्यांचा एमएस्सी प्रकल्प असलेल्यांना इथे स्पष्ट सांगतो: पुढच्या पिढ्या तुमच्या वेळापत्रकात बसत नाहीत. मासा प्रौढ व्हायला तीन महिने लागतात. तुम्ही तीन गाइड एकत्र मारून याच पिढीतल्या पिल्लांवर, म्हणजे एफ० वर निरीक्षणं करा. चांगल्या गाइडने बहुतेक पेशींतल्या जनुकाच्या दोन्ही प्रती (आईकडून आणि बापाकडून आलेल्या) बाद होतात, आणि पहिल्या पाच दिवसांत दिसणाऱ्या परिणामांसाठी ते पुरतं. दुसऱ्या वेगळ्या तीन गाइडनेही तेच दिसतं का, हे मात्र तपासा.

एफ० ते एफ२

कायमची ओळ (पिढ्यान्‌पिढ्या तोच बदल असलेले मासे) हवी असेल तर पन्नास-साठ एफ० पिल्लं वाढवा. तीन महिन्यांनी प्रत्येकाचा रानटी वाणाच्या, म्हणजे न बदललेल्या, माशाशी क्रॉस लावा. एफ० ची शेपटी तपासून काही ठरवू नका, शेपटीतला बदल बीजपेशींत असेलच असं नाही. तपासायची ती संतती. प्रत्येक क्लचमधली दहा भ्रूणं जेलवर घाला, ज्यात झिरमिळ्या दिसतील त्याच क्लच वाढवा.

एकाच एफ० माशाच्या संततीत वेगवेगळे बदल निघतात, एकीत ७ अक्षरं गळलेली, दुसरीत ३, तिसरीत ४ वाढलेली. म्हणून ही संतती, म्हणजे एफ१, मोठी झाली की ट्रायकेनची भूल (लिटरला साधारण १६८ मिलिग्रॅम, पीएच ७ ला आणलेली) देऊन शेपटीच्या कडेचा बारीक तुकडा घ्या आणि प्रत्येक मासा वेगळा सिक्वेन्स करा. निकाल येईपर्यंत मासे एकेका डब्यात, डब्यावर क्रमांक. हे क्रमांक वहीत आणि डब्यावर सारखेच असतील हे दोघांनी पाहायचं. आमच्याकडे एकदा पाणी बदलताना झाकणं अदलाबदल झाली, आणि क्रमांक झाकणांवर होते. अकरा माशांच्या शेपट्या पुन्हा कापाव्या लागल्या. क्रमांक डब्यावर लिहा, झाकणावर नको.

तीनच्या पटीतले बदल बाजूला काढा. ७, १०, ११ असे ठेवा आणि पुढचा क्रम प्रथिनात वाचून थांब्याचा कोडॉन (वाचन थांबवणारी तीन अक्षरं) कुठे येतो ते बघा. दोन वेगळ्या बदलांच्या ओळी ठेवल्यात तर दुसरीकडे चुकून कापलं गेल्याचा संशय बराच फिटतो. मग एकाच बदलाचे एफ१ नर-मादी जुळवा. त्यांच्या संततीत, म्हणजे एफ२ मध्ये, पाव हिस्सा पिल्लांत दोन्ही प्रती बाद, निम्म्यांत एक, पाव हिस्सा मूळची. निरीक्षण आधी करा, जीनोटायपिंग नंतर. कोणतं पिल्लू कुठलं हे माहीत असलं की डोळे आपल्याला हवं ते बघतात.

कधीकधी एफ० मध्ये ठळक दिसलेला दोष एफ२ मध्ये गायब होतो. घाबरू नका, जेल पुन्हा चालवत बसू नका. बिघडलेला संदेशवाहक आरएनए पेशी मोडून टाकते, आणि त्या मोडतोडीमुळेच सारख्या क्रमाची दुसरी जनुकं जास्त चालू होऊ शकतात. जर्मनीतल्या दिदिए स्टेनिए यांच्या गटाने २०१९ मध्ये हे दाखवलं. उपाय असा की आरएनए तयारच होणार नाही असा बदल करायचा: एक गाइड प्रमोटरच्या (जनुक चालू करणाऱ्या भागाच्या) अलीकडे, दुसरा पलीकडे, मधला तुकडा उडवायचा. हा विचार पहिल्या दिवशीच करून ते दोन गाइडही मागवून ठेवलेत तर सहा महिन्यांनी हळहळ होत नाही.

ओळ पक्की झाली की तिला झेडफिनच्या पद्धतीने नाव द्या, बदलाचा क्रम टाकीच्या चिठ्ठीवर लिहा आणि शक्य तितक्या लवकर नरांचे शुक्राणू गोठवून ठेवा. एका मे महिन्यात पंप बंद पडला तर सकाळपर्यंत टाकीत काही उरत नाही.